‘संशोधनाने सिद्ध झालंय’ म्हणण्याआधी : मुंबईतल्या शाळा चालवणाऱ्यांना एका शिक्षिकेचं खुलं पत्र

प्रति,
मुंबईतल्या शाळांचे विश्वस्त, मुख्याध्यापक आणि आम्हा शिक्षकांचं ट्रेनिंग ठरवणारे सगळे,

सप्रेम नमस्कार.

मी पूर्व उपनगरातल्या एका अनुदानित मराठी शाळेत सहावी ते आठवीला गणित शिकवते. माझी मागणी एकच आहे आणि ती आधीच सांगून टाकते. मुलांच्या शिकण्याबद्दल किंवा त्यांना अभ्यासाची गोडी लावण्याबद्दल कुठलाही नवा प्रोग्रॅम ‘संशोधनाने सिद्ध झालंय’ म्हणून आमच्या वर्गात आणण्याआधी तो अभ्यास कोणी केला, कोणत्या मुलांवर केला, आणि ज्या मुलांना तो प्रोग्रॅम मिळालाच नाही त्यांचं त्याच काळात काय झालं, हे आम्हाला दाखवा. आणि दाखवण्यासारखं काही नसेल तर एकदम सगळीकडे सुरू करू नका, आधी चिठ्ठ्या टाकून निम्म्या शाळांत करा, मोजा, आणि निकाल काहीही आला तरी आम्हाला सांगा.

जून आला की नव्या वह्या-पुस्तकांबरोबर एक नवा प्रोग्रॅमही येतोच. कधी स्मार्ट बोर्ड, कधी अॅप, कधी दोन शनिवारचं वर्कशॉप. स्लाइडवर मेंदूचं रंगीत चित्र असतं आणि खाली ‘आंतरराष्ट्रीय संशोधनानुसार’ एवढंच लिहिलेलं असतं, कोणाचं, कधीचं, कुठल्या देशातलं ते काही नाही, आणि हात वर करून विचारलं की सगळे घड्याळाकडे बघायला लागतात कारण पाच सत्तावीसची लोकल पकडायची असते. पण हे विचारायलाच पाहिजे. एक तासिका पस्तीस-चाळीस मिनिटांची, त्यात साठ मुलं, त्यातला प्रत्येक वाया गेलेला तास या पोरांचा असतो, ज्यांच्या घरी नंतर तो भरून काढणारं कोणी नाही.

सगळ्यात जास्त नुकसान मी बघितलंय ते ‘शिकण्याच्या शैली’चं. मुलांची एक छोटी प्रश्नावली घ्यायची आणि त्यांना बघून शिकणारी, ऐकून शिकणारी, हाताने करून शिकणारी अशा तीन गटांत टाकायचं. एका पालक सभेत एक आई मला म्हणाली, “मॅडम, तो व्हिज्युअल आहे, त्याचे पाढे पाठ होणारच नाहीत, मागच्या वर्षी टेस्ट घेऊन सांगितलंय.” पोरगा अकरा वर्षांचा. त्याने पाढे सोडूनच दिले होते, कारण मोठ्या माणसांनीच त्याला सांगितलं होतं की हे तुझ्याच्याने व्हायचं नाही. आता या शैलीमागचं संशोधन काय म्हणतं? २००८ साली पॅश्लर, मॅक्डॅनियल, रोहरर आणि ब्यॉर्क या चार मानसशास्त्रज्ञांनी तोपर्यंतचे अभ्यास तपासले. त्यांनी आधी ठरवलं की ही गोष्ट खरी असेल तर पुरावा कसा दिसायला पाहिजे. मुलांचे शैलीप्रमाणे गट करा, मग प्रत्येक गटातल्या मुलांना चिठ्ठी टाकून दोन वेगवेगळ्या पद्धतींनी शिकवा, शेवटी सगळ्यांची एकच परीक्षा घ्या, आणि ‘बघणाऱ्यां’ना चित्रांनी जास्त आलं पाहिजे आणि ‘ऐकणाऱ्यां’ना बोलण्याने जास्त आलं पाहिजे, दोन्ही. असे धड अभ्यास जवळजवळ नव्हतेच, आणि जे नीट केलेले सापडले त्यातले काही तर सरळ उलटं सांगत होते. मुलांना आवडीनिवडी असतात हे खरंच आहे, पण आवडीप्रमाणे शिकवल्याने जास्त येतं हे सिद्ध झालेलं नाही. हे २००८ चं आहे आणि आमच्याकडे ती प्रश्नावली अजून येते.

तोच प्रकार ट्रेनिंगमध्ये दाखवतात त्या पिरॅमिडचा, वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २० टक्के, आणि स्वतः करून बघितलेलं ९० टक्के. खाली एडगर डेल या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांचं नाव असतं. डेल यांनी १९४६ साली अनुभवांचा एक शंकू काढला होता हे खरं, पण त्यात टक्के नव्हतेच, ते नंतर कोणीतरी चिकटवले. एवढे गोल आकडे बघूनच विचारायला पाहिजे होतं की कोणाच्या लक्षात, किती दिवसांनी, आणि काय वाचलेलं? अपूर्णांकाचा भागाकार की पेपरातली बातमी?

आता माझ्या मुख्य मुद्द्यावर येते, तो म्हणजे तुलना. कंपनीची माणसं डेमो देतात तेव्हा ग्राफ एकच असतो, जूनमधले मार्क खाली, फेब्रुवारीतले मार्क वर. अहो, जून ते फेब्रुवारी मुलं शाळेत असतात! जूनमध्ये ती गावाहून नुकतीच आलेली असतात, दीड महिना पुस्तकाला हात लावलेला नसतो, त्या चाचणीत मार्क कमी येणारच, आणि फेब्रुवारीपर्यंत शाळा, ट्यूशन, कोणाचा स्कॉलरशिपचा क्लास, नाहीतर नुसतं वय वाढणं, यातलं सगळंच त्या ग्राफमध्ये आलेलं असतं आणि श्रेय मात्र एकट्या अॅपला. आणि प्रोग्रॅमसाठी जर सगळ्यात कमी मार्कांची मुलं निवडली असतील तर आणखी एक गोष्ट होते. एखाद्या दिवशी ताप होता, रात्री वस्तीत भांडण झालं होतं, झोप नव्हती, म्हणून जी मुलं तळाला गेली ती पुढच्या चाचणीत आपोआप थोडी वर येतात, काहीही न करता. म्हणून ‘आधी आणि नंतर’ एवढं दाखवून भागत नाही. तशीच दुसरी मुलं पाहिजेत ज्यांना ते मिळालं नाही, आणि कोणाला मिळणार हे कोणाच्या उत्साहावर नाही, चिठ्ठीवर ठरलेलं पाहिजे.

चिठ्ठीच का, ते केनियाच्या एका अभ्यासातून फार छान कळतं. तिथे शाळांना शिकवण्यासाठी मोठे तक्ते, म्हणजे फ्लिप चार्ट, दिले होते. ज्या शाळांत असे तक्ते आधीपासून होते आणि ज्यांत नव्हते त्यांचे निकाल नुसते शेजारी ठेवून बघितले तर वाटत होतं की तक्त्यांमुळे मार्क चांगले ०.२ प्रमाण विचलनापर्यंत वाढतात (प्रमाण विचलन म्हणजे मुलांचे मार्क सरासरीपासून साधारण किती लांब पसरलेले असतात त्याचं माप). मग १७८ शाळा घेतल्या, त्यातल्या निम्म्यांना रँडम पद्धतीने तक्ते दिले, आणि फरक काहीच दिसला नाही. क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा पेपर २००४ सालचा. ज्या शाळेत तक्ते असतात तिथे बहुतेक वेळा जागरूक मुख्याध्यापक असतो, थोडे पैसे असतात, पालक येऊन विचारतात, मार्क त्याने वाढलेले असतात. आपण ‘अमुक शाळेत हे आहे आणि तिथला निकाल बघा’ म्हणतो तेव्हा नेमकं हेच विसरतो.

आणि हे सगळं परदेशात होतं, आपल्याकडे कुठे जमणार, असं कृपा करून म्हणू नका, कारण आपल्याच शहरात हे होऊन गेलंय. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत ‘प्रथम’ संस्थेचा बालसखी प्रोग्रॅम तपासला गेला. वस्तीतलीच शिकलेली एखादी तरुण मुलगी, तिला थोडं ट्रेनिंग, आणि मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोनेक तास तिच्याकडे, अक्षरओळख आणि साधं गणित. कुठल्या शाळेत कुठल्या इयत्तेला बालसखी मिळणार हे रँडम ठरवलं होतं, त्यामुळे एका इयत्तेपुरती का होईना ती प्रत्येक शाळेला मिळाली, कोणी पूर्ण वंचित राहिलं नाही, आणि तरी तुलना करता आली. बॅनर्जी, कोल, डफ्लो आणि लिंडन यांनी २००७ साली निकाल छापला, पहिल्या वर्षी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलनाची वाढ. सोप्या भाषेत, शंभर मुलांच्या रांगेत बरोबर मधे उभं असलेलं मूल दुसऱ्या वर्षीच्या वाढीने साधारण अकरा जागा पुढे गेलं. खर्च फार कमी, कारण बालसखीचं मानधन शिक्षकाच्या पगाराच्या अगदी थोड्या भागाएवढं होतं.

मला या अभ्यासाबद्दल आदर वाटतो तो या आकड्यापेक्षा त्यांनी पुढे जे लिहिलं त्यासाठी. वर्गातून पंधरा-वीस मुलं बाहेर गेल्यावर उरलेल्या मुलांना शिक्षकाचं जास्त लक्ष मिळून त्यांचंही सुधारेल असं कोणालाही वाटेल, मलाही वाटलं असतं, पण तसं झालं नाही, सुधारली ती बालसखीकडे गेलेलीच मुलं. आणि प्रोग्रॅम संपल्यावर वर्षभराने मोजलं तेव्हा फायदा बराच उतरून ०.१ च्या आसपास आला होता. हे त्यांनी लपवलं नाही. बॅनर्जी आणि डफ्लो यांना क्रेमर यांच्यासोबत २०१९ मध्ये नोबेल मिळालं तेव्हा आपल्याकडे पेपरात केवढं कौतुक झालं, बॅनर्जींचा जन्मही मुंबईचा. पण ज्या शहरात हे काम झालं तिथल्या किती शिक्षकांना ट्रेनिंगमध्ये हे कोणी सांगितलं? आम्हाला पिरॅमिड दाखवतात.

आकडा किती मोठा म्हणजे मोठा, यावरही बोलायला पाहिजे. सेल्सवाले ‘परिणाम ०.८’ वगैरे सांगतात, हे आणि पुढचे परिणामाचे आकडे त्याच प्रमाण विचलनात. अमेरिका आणि इंग्लंडमध्ये सरकारी पैशातून वगैरे झालेल्या १४१ मोठ्या रँडम प्रयोगांचा हिशेब २०१९ मध्ये लॉर्टी-फोर्ग आणि इंग्लिस या दोघांनी मांडला, सरासरी परिणाम निघाला ०.०६. मॅथ्यू क्राफ्ट यांनी २०२० मध्ये सुचवलंय की शाळेतल्या परीक्षांवर ०.२० च्या वर काही आलं तरी ते मोठं समजा. मग एवढे फुगलेले आकडे येतात कुठून? च्युंग आणि स्लॅव्हिन यांनी २०१६ मध्ये दाखवलं की प्रयोग छोटा असेल तर परिणाम साधारण दुप्पट दिसतो, आणि परीक्षा जर प्रोग्रॅमवाल्यांनीच बनवलेली असेल तरी साधारण दुप्पट. हे तर कोणत्याही गणिताच्या बाईंना सांगावं लागणार नाही. मी ज्या उदाहरणांनी शिकवलं तीच पेपरात घातली तर वर्ग हुशार दिसतो, शेजारच्या शाळेच्या सरांनी पेपर काढला की खरं काय ते कळतं.

मोटिव्हेशनच्या बाबतीत तर मोजमापच ठिसूळ आहे आणि इथे मला जरा जास्त लिहायचंय. मुलांना फॉर्म देतात, ‘मला अभ्यास करायला आवडतो’, ‘मी कठीण गणित सोडून देत नाही’, समोर हसरा चेहरा, साधा चेहरा, रडका चेहरा. आणि मी तिथेच उभी! कोणतं पोर रडक्या चेहऱ्यावर खूण करेल? २०१६ साली बोस्टनमधल्या शाळांचा एक अभ्यास आला, त्यात कडक शिस्तीच्या चार्टर शाळांतल्या (म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळांतल्या) मुलांचे मार्क जास्त वाढलेले होते, पण चिकाटी आणि स्वतःवरचा ताबा यात तीच मुलं स्वतःला कमी गुण देत होती. संशोधकांना संशय असा की अशा शाळेत मूल स्वतःला जास्त कडक फुटपट्टीने मोजायला लागतं. म्हणजे फॉर्मवरचा आकडा वाढला की गोडी वाढली आणि कमी झाला की कमी झाली, असं सरळ म्हणताच येत नाही. गोडी बघायचीच असेल तर कोणी सांगितलं नसताना मूल काय करतं ते बघा, किती दिवस हजर राहतं, अडल्यावर पुन्हा विचारायला येतं का.

ग्रोथ माइंडसेट घ्या. ही कल्पना मांडणाऱ्या मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांचं नाव आता प्रत्येक ट्रेनिंगमध्ये असतं, आणि ‘मेंदू वाढतो, प्रयत्नांनी जमतं’ हे मुलांना सांगणं मला मनापासून पटतं. पण त्याने मार्क किती वाढतात? २०१८ च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात सरासरी परिणाम फक्त ०.०८ निघाला. २०१९ मध्ये अमेरिकेत ६५ सरकारी शाळांतल्या साधारण १२ हजार नववीच्या मुलांवर रँडम प्रयोग झाला, तासाभराहून कमी वेळाचं ऑनलाइन सेशन, त्यात कमी मार्कांच्या मुलांचा ग्रेड पॉइंट, म्हणजे तिकडच्या श्रेणींची सरासरी, ०.१ ने वाढला. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या मोठ्या प्रयोगात काहीच फरक आला नाही. मला विचाराल तर फुकटात आणि तासाभरात एवढं होत असेल तर जरूर करा, पण यासाठी भिंती रंगवून, वर्षभराचं पॅकेज विकत घेऊन, आणि नापास झालेल्या पोराला ‘तुझा माइंडसेट चुकीचा आहे’ असं ऐकवून काय मिळणार? अपूर्णांक आलेच नसतील तर आधी अपूर्णांक शिकवायला पाहिजेत.

बक्षिसांचंही तसंच. ‘स्टार, स्टिकर दिले की मुलांची आतली ओढ मरते’ असं एका वर्कशॉपमध्ये सांगितलं आणि दुसऱ्यात स्टिकरचार्टच हातात दिला. १९७३ चा लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा मूळ प्रयोग बघा. नर्सरीतली मुलं, ज्यांना स्केचपेनने चित्र काढायला आधीपासूनच आवडत होतं, त्यांना ‘चित्र काढलंस तर सर्टिफिकेट’ असं आधी कबूल केलं, आणि नंतर ती मोकळ्या वेळात कमी चित्रं काढायला लागली. ज्यांना अचानक सर्टिफिकेट मिळालं त्यांचं तसं झालं नाही. १९९९ मध्ये डेसी, कोस्टनर आणि रायन यांनी १२८ प्रयोग एकत्र केले, त्यातही आधी कबूल केलेल्या वस्तूंनी ओढ कमी होते आणि मनापासूनच्या शाबासकीने वाढते असं दिसलं. पण लक्षात घ्या, ओढ कमी व्हायला ती आधी असायला लागते. माझ्या सातवीतल्या ज्या मुलाला समीकरण बघूनच पोटात गोळा येतो त्याच्याबद्दल नर्सरीतली चित्रं फार काही सांगत नाहीत. अभ्यास चांगला असूनही तो माझ्या वर्गाला लागू असेलच असं नाही, हा प्रश्न वेगळा आहे आणि तो वेगळाच विचारायला पाहिजे.

मार्शमेलोच्या, म्हणजे मऊ गोड खाऊच्या, प्रसिद्ध प्रयोगाचं पण हेच झालं. छोट्या वयात गोड खाऊसाठी थांबू शकणारं मूल पुढे यशस्वी होतं, हे मूळ निरीक्षण स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातल्या नर्सरीतल्या मुलांचं. २०१८ मध्ये ९०० हून जास्त, वेगवेगळ्या घरांतल्या मुलांवर बघितलं तर संबंध निम्म्यावर आला, आणि घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर त्यातलंही फार थोडं उरलं. ज्या घरात उद्या खाऊ मिळेल याची खात्री नाही तिथलं मूल आत्ताच खातं, यात संयमाचा धडा शिकवण्यासारखं काय आहे?

आता आपल्या मुंबईचा एक खास प्रश्न, शेवटच्या चाचणीला कोण हजर असतं? चाळ रीडेव्हलपमेंटला गेली की वर्षाच्या मधेच दाखला काढून मुलं विरार, नालासोपारा, कल्याणला जातात. कोणाच्या वडलांचं काम सुटतं आणि अख्खं घर गावी जातं. जी जातात ती बहुतेक अडचणीतलीच असतात, मग उरलेल्यांची सरासरी आपोआप वर. म्हणून रिपोर्टमध्ये सुरुवातीला किती मुलं आणि शेवटी किती, हे नसेल तर पुढची पानं वाचू नका. शिवाय आपल्या महापालिकेच्या शाळाच आठ माध्यमांच्या आहेत, एका माध्यमाच्या सकाळच्या शिफ्टमध्ये चाललेलं सगळीकडे तसंच चालेल हे गृहीत धरता येत नाही. आणि ‘असर’ या शिक्षणाच्या सर्व्हेचे आकडे दाखवून मुंबईबद्दल बोलणाऱ्यांनी एवढं तरी बघावं की तो सर्व्हे ग्रामीण भागाचा असतो.

अॅपवाल्यांसाठी पण एक. दिल्लीत माइंडस्पार्क या कॉम्प्युटरवर शिकवणाऱ्या प्रोग्रॅमचा चांगला रँडम अभ्यास झालाय, मुरलीधरन, सिंग आणि गनिमियन यांचा, २०१९ चा. ६१९ मुलं, साडेचार महिने, गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनाची वाढ. उत्तम. पण तपासलं होतं ते शाळेनंतरचं सेंटर, जिथे ४५ मिनिटं कॉम्प्युटर आणि ४५ मिनिटं छोट्या गटात माणसाने शिकवणं होतं. घरी आईच्या फोनवर, दोन भावंडांत एक नेटपॅक, ही वेगळीच गोष्ट आहे आणि तिला तो आकडा लावता येत नाही.

याउलट जे टिकलंय ते फार साधं आहे आणि कोणी विकायला येत नाही. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांनी दाखवलं की धडा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण आठवड्याने विचारलं तर ज्यांनी पुस्तक मिटून आठवून लिहिलं होतं ते पुढे असतात. ते प्रयोग कॉलेजच्या मुलांवर होते, पण त्यानंतर वेगवेगळ्या वयांवर हे पुन्हा पुन्हा तपासलं गेलंय. २०१३ मध्ये डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी दहा अभ्यासपद्धती तपासल्या, वर आल्या दोनच, स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांत पसरवून करणं, आणि खाली राहिलं ते पुन्हा वाचणं आणि हायलायटर. मी तासाच्या सुरुवातीला मागच्या आठवड्यातले आणि मागच्या महिन्यातले मिळून पाच प्रश्न देते, मार्क नाहीत, वही मिटलेली. यासाठी शाळेने एक रुपया खर्च केलेला नाही. ‘पुन्हा पुन्हा तपासलं गेलं’ याला मी एवढं महत्त्व देते कारण शिक्षणात तेच होत नाही. २०१४ मध्ये मॅकेल आणि प्लकर यांनी शिक्षणातली आघाडीची १०० जर्नल्स चाळली, आधीचा प्रयोग पुन्हा करून बघणारे पेपर निघाले ०.१३ टक्के.

म्हणून ठोस सांगते काय करता येईल. एका शाळेच्या दोन तुकड्यांवरून काही ठरत नाही, फरक शिक्षकाचा होता की प्रोग्रॅमचा तेच कळणार नाही. पण एका संस्थेच्या किंवा एका भागातल्या वीस-तीस शाळा एकत्र आल्या तर होतं. जून सुरू व्हायच्या आधी सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढा, निम्म्या शाळांना यंदा, उरलेल्यांना पुढच्या वर्षी, तसंही सगळीकडे एकाच वर्षी द्यायला पैसे नसतातच. काय मोजणार ते आधीच लिहून स्टाफरूमच्या बोर्डावर लावा. पेपर दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकांकडून काढून घ्या आणि तपासणाऱ्याला कुठली शाळा कुठल्या गटात ते सांगू नका. मधे गेलेल्या मुलांची नावं हजेरीतून खोडली तरी मोजणीतून खोडू नका. आणि सहा महिन्यांनी पुन्हा एकदा चाचणी घ्या. कंपनीला हे मान्य नसेल तर त्यांच्याशी पुढे बोलायची गरज नाही.

पेपर काढायला, तपासायला आणि आकडे मांडायला मी शनिवारी दुपारी बसायला तयार आहे, आमच्या भागातले गणिताचे आणखी काही शिक्षकही येतील, त्यांच्याशी बोलणं झालंय. एप्रिलमधल्या मुख्याध्यापक सभेत हा विषय घ्या आणि आमच्यातल्या दोघांना तिथे बोलायला अर्धा तास द्या.

आपली,
पूर्व उपनगरातली एक गणित शिक्षिका